तपकिरी ठिपके

यंत्र बसणार असं कळलं तेव्हा आमच्या कॉलनीत कुणी विरोध केला नाही. उलट सगळ्यांना बरं वाटलं.

त्याआधी महामार्गाविरुद्ध जे जे करतात ते सगळं आमचं करून झालं होतं. मानवी साखळी, सह्या, मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन, आमदारांना निवेदन. नाशिकच्या या भागातून पूर्वी शेतीला पाणी देणारा कालवा जायचा. आमच्याकडे त्याला पाट म्हणतात. शेती गेली, प्लॉट पडले, पाट बुजला आणि त्या पट्ट्यावर बाग झाली. लांबच लांब, अरुंद, सुतासारखी सरळ. जिथून पाणी बिनबोभाट गेलं तिथून गाड्याही जातील, हे महामार्ग आखणी मंडळाला सुचायला उशीरच झाला म्हणायचा.

मग कुठल्याशा दुसऱ्या शहरात जनसुनावणीत खुर्च्या फेकल्या गेल्या, दोघांची डोकी फुटली, आणि मंडळानं सुनावण्याच बंद केल्या. नवीन धोरण आलं. यापुढे ओरडणाऱ्यांचं नाही, चालणाऱ्यांचं ऐकलं जाईल. ज्या जमिनीवर माणसांचा वावर आहे ती सोडायची आणि ज्या पट्ट्यात सगळ्यात कमी वावर, तिथून रस्ता न्यायचा. वावर किती हे कुणी नगरसेवक सांगणार नाही, यंत्र सांगेल.

आमच्या बाग बचाव समितीचे अध्यक्ष बच्छाव सर. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, अजूनही बोलताना हात फळ्यावर नदी काढल्यासारखा फिरतो. त्यांनी ते धोरण बागेतल्या पारावर उभं राहून आम्हाला वाचून दाखवलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "मोजू देत की. आपली बाग कधी रिकामी असते का?"

नसायचीच. सकाळी हास्यक्लबच्या टाळ्या, मग पाळण्यातली पोरं घेऊन आलेल्या आज्या, दुपारी सावलीत पत्ते कुटणारी मंडळी, संध्याकाळी तर बाकांवर जागा मिळायची नाही. मीही मान डोलावली. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेली मी, मला तर ते यंत्र आवडलंच होतं.

कारण ते यंत्र म्हणावं असं काही नव्हतंच. आपल्या घरात इंटरनेट आणणारी काचेची बारीक तार असते ना, शहरभर जमिनीखालून गेलेली, तीच. त्या तारेच्या एका टोकाला एक पेटी बसवतात. पेटी तारेत प्रकाशाचे ठोके सोडत राहते, सेकंदाला हजारो. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात डोळ्यांना न दिसणारे दोष असतात, आणि प्रत्येक दोषावर आपटून थोडासा प्रकाश उलटा फिरतो. वर जमिनीवर कुणी पाऊल टाकलं की माती किंचित थरथरते, तार किंचित ताणली जाते. किती किंचित? केसाच्या जाडीचा काही लाखावा भाग. तेवढ्यानंही उलट आलेल्या प्रकाशाचं गणित बदलतं. तो परतायला किती वेळ लागला यावरून पाऊल कुठं पडलं ते कळतं. म्हणजे तारेचा प्रत्येक मीटर हा एक कान. कॅमेरा नको, चेहरे नकोत, कुणाची खासगी माहिती नको. आणि प्रत्येकाच्या चालीचा ठेका वेगळा असतो, अंगठ्याच्या ठशासारखा. त्यामुळे एकच माणूस वीस फेऱ्या मारून वीस माणसं होऊ शकत नाही. लबाडीला वाव नाही.

हे सगळं मी हर्षदला, माझ्या नवऱ्याला, जेवताना समजावून सांगितलं होतं. तो सातपूरच्या कारखान्यात शिफ्टवर असतो, दमून येतो. भात कालवता कालवता म्हणाला, "म्हणजे तुझ्या काळजीसारखंच झालं. कुठं काही हललं की लगेच कळतं."

माझ्या काळजीचं नाव ओजस. सहा वर्षांचा. जन्मताना त्याला थोडा वेळ प्राणवायू कमी पडला आणि मेंदूकडून पायांना जाणारे निरोप तेव्हापासून अर्धेमुर्धेच पोचतात. तो चार पायांचा ॲल्युमिनियमचा वॉकर पुढे ठेवतो, मग एक पाय ओढतो, मग दुसरा. झोपला की मी त्याच्या पोटऱ्या दाबून बघते, कालच्यापेक्षा कडक झाल्यात का. हर्षद म्हणतो, कणीक मळल्यासारखं दाबू नकोस पोराला. पण मला राहवत नाही.

बागेत पाटाचा जुना काठ अजून शिल्लक आहे, हळूच चढत जाणारा मातीचा उतार, त्यावर हरळी. ओजसची पहिली चार पावलं तिथं पडली. त्याच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी एकदा येऊन तो उतार पाहिला आणि म्हणाल्या, असा उतार आमच्या सेंटरमध्येसुद्धा नाही. इथं रोज चालवा. खंड पडू देऊ नका. स्नायू एकदा आखडले की गेलेलं परत मिळवणं फार जड जातं. त्यांचा तो 'खंड' शब्द माझ्या डोक्यात रुतून बसला. घरात फरशीवर वॉकर घसरतो म्हणून तो घाबरतो, रस्त्यावर फुटपाथ नाहीत. बाग गेली तर ओजसचं चालणं गेलं, इतकं ते सरळ होतं.

रोज संध्याकाळी आमचा एकच मार्ग. जांभळाच्या झाडापासून निघायचं, उतार चढायचा, नळाशी थांबून ठिबकणाऱ्या पाण्यात बोट घालायचं, मग शेवाळे आजोबांच्या बाकापर्यंत. शेवाळे आजोबा एस.टी.त कंडक्टर होते. गुडघे गेलेले, हातात काठी. ओजस दिसला की लांबूनच ओरडायचे, "चला चला, पुढे सरका, पुढे जागा आहे." तो बाकापाशी पोचला की जांभळाच्या पानाला नखानं भोक पाडून त्याच्या हातात द्यायचे.

"फुल का हाफ?"

"हाफ."

"बघा हं, उंची वाढलीय. पुढच्या महिन्यापासून फुल घ्यावं लागेल."

मोजणी होऊन गेली तेव्हा आम्हाला कळलंही नाही. महिन्याभरानं निकाल सांगायला मंडळाच्या एक अधिकारी आल्या, अहिरे मॅडम. माझ्याच वयाच्या असतील. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, समोर मोठा पडदा. समितीनं चिवडा आणि चहा ठेवला होता. जिंकलेल्या माणसांसारखे सगळे गप्पा मारत होते.

अहिरे मॅडमनी सरळ सांगितलं की पाटाची बाग अल्पवापर पट्ट्यात मोडते. रस्त्याची रेघ तिथूनच जाईल.

आधी कुणाला खरंच वाटलं नाही. मग एकच गलका झाला. मॅडमना बहुधा सवय होती. त्यांनी गलका विझू दिला आणि पडद्यावर बाग लावली, वरून पाहिल्यासारखी. एका दिवसाची मोजणी, वेगानं फिरणारी. निळे ठिपके म्हणजे माणसं, म्हणाल्या. निळे ठिपके सकाळी आले, कडेच्या ट्रॅकवरून भरभर फिरून गेले. त्यानंतर दिवसभर बाग जवळजवळ रिकामी. मधूनच एखादा निळा ठिपका आडवा जायचा. बाकी सगळीकडे तपकिरी ठिपके हळूहळू सरकत होते, थांबत होते.

मी त्या तपकिरी ठिपक्यांकडे बघत बसले. बघत बसणं हा माझा स्वभावच आहे. संध्याकाळ झाली आणि एक तपकिरी ठिपका जांभळापाशी उगवला. उतारावर चढला. नळाशी थांबला. मग बाकाकडे निघाला, अगदी हळू, आणि बाकाशी आधीच असलेल्या दुसऱ्या तपकिरी ठिपक्याला जाऊन चिकटला. त्याच्या शेजारून सगळा वेळ एक निळा ठिपका चालत होता. ती मी होते.

मी उभी राहिले. विचारलं, तपकिरी म्हणजे काय.

"तो गट आपण धरत नाही मॅडम. जनावरं आहेत ती. कुत्री, शेळ्या, गाई."

"तो माझा मुलगा आहे."

हॉलमध्ये कुणी हसलंही नाही. अहिरे मॅडमनी चित्र थांबवलं. मी पडद्यापाशी गेले आणि बोट ठेवून दाखवलं, हे झाड, हा नळ, हे शेवाळे आजोबा. त्यांनी त्या ठिपक्यावर टिचकी मारली तशी खाली अक्षरं उमटली. चतुष्पाद. आजोबांच्या ठिपक्याखाली होतं: जखमी चतुष्पाद, मंदगती.

मग त्यांनी जे सांगितलं ते शांतपणे सांगितलं, आणि मला वाटतं त्यांनाही ते सांगताना लाज वाटत होती. हे यंत्र मुळात सरहद्दीवरचं. तार कुंपणाखाली पुरलेली. तिथं रात्रंदिवस नीलगायी, रानडुकरं फिरतात. त्यांना माणूस समजून दरवेळी भोंगा वाजला तर जवान किती वेळा धावणार? म्हणून यंत्राला आधी काय शिकवलं, तर माणूस कोण नाही ते ओळखायला. शिकवण्यासाठी चालवली ती धडधाकट माणसं, जवानच. दोन पाय, समान ठेका, ठरावीक जोर. त्या ठेक्यात न बसणारं सगळं गाळायचं. काठीवाला तीन ठोक्यांनी चालतो. वॉकरवालं पोर चारपाच ठोक्यांनी. नुकतं चालायला लागलेलं बाळ कुठल्याच ठेक्यात चालत नाही. पत्ते खेळणारे तर चालतच नाहीत.

आणि भर दुपारी बागेत असतं कोण? ज्यांना दुसरीकडे कुठं जाता येत नाही तेच.

मागच्या रांगेतून शेवाळे आजोबांचा आवाज आला, "म्हणजे मी बैल. तेहेतीस वर्षं सरकारी गाडीत उभा राहिलो आणि शेवटी बैल झालो." आता मात्र लोक हसले. आजोबाही हसले. मी नाही.

यंत्र दुरुस्त करता येईल का, असं मी विचारलं. ते प्रमाणित आहे, म्हणाल्या. देशभर हेच, एका बागेसाठी बदलत नाहीत. फेरमोजणी मात्र मागता येते, एक आठवडा. पडदा गुंडाळताना त्या मला आणि बच्छाव सरांना बाजूला घेऊन अजून एक गोष्ट सांगून गेल्या. नियमात ती आहे, पण कुणी वाचत नाही. तपकिरी ठिपके नुसते गाळले जात नाहीत. ते जास्त झाले तर त्या जागेला 'जनावरांचा वावर' असा शेरा पडतो आणि निळ्यांची किंमतही निम्मी होते.

"मी तुम्हाला काही सांगितलं नाही," असं म्हणून त्या गाडीत बसल्या.

बच्छाव सर दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे आले. चहा घेतला, ओजसला राजधान्या विचारल्या, त्यानं तीन बरोबर सांगितल्या तेव्हा शाबासकी दिली. मग त्याला आत पाठवा असं नजरेनंच सुचवलं. मला कळलं होतं ते काय बोलणार आहेत. त्यांनी सगळी व्यवस्था केली होती. जवळच्या कॉलेजातली मुलं, अकादमीत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी, जिममधली मंडळी, आठवडाभर पाळ्या लावून सगळे बागेत चालणार होते. आणि काठीवाले, तान्ही मुलं, गुडघेदुखीवाल्या आज्या यांना त्यांनी स्वतः घरोघर जाऊन विनंती केली होती. आठवडाभर घरी राहा.

"ऋजुता, मी तुला सांगायला नको. बाग त्याच्यासाठीच वाचवतोय ना आपण?"

मी म्हटलं, आठवडाभराचा खंड पडेल. त्यांना खंड म्हणजे काय ते कळलं नसावं. हर्षदनं माझ्या आधीच उत्तर दिलं. नाही आणणार सर, आम्ही समजून आहोत. ते गेल्यावर मी त्याच्याशी भांडले. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी इतकंच म्हणाला की दुसरं काही असेल तर सांग, मी करतो. दुसरं काही नव्हतं. म्हणून तर मी भांडत होते.

दारामागे ओजसनं सगळं ऐकलं होतं. मुलं ऐकतातच. रात्री पोटऱ्यांना तेल लावताना त्यानं विचारलं, "आई, यंत्र मला हाफ तरी धरतं का?"

मी तेलाची वाटी पुन्हा हातात घेतली.

तो आठवडा आम्ही गॅलरीतून बाग बघत काढला. इतकी देखणी बाग मी कधी पाहिली नव्हती. भरतीची पोरं चार चारच्या रांगेत, एका ठेक्यात धावायची. कॉलेजच्या मुली हसत हसत फेऱ्या मारायच्या. बच्छाव सर गळ्यात शिट्टी अडकवून पारावर उभे. जमीन हलत असेल, खालची तार सुखावली असेल. उतारावर कुणी गेलं नाही. तिथं ठेका बिघडतो म्हणून सरांनी दोरी बांधली होती.

घरात मी चटया अंथरून ओजसला चालवायचा प्रयत्न केला. वॉकरचे पाय चटईत अडकायचे. दोन-तीन दिवसांत तो कंटाळला, नाहीच म्हणायला लागला. एका दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले तर वॉकर कोपऱ्यात भिंतीशी उभा आणि ओजस स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर पडलेला. ओठ फुटला होता. रडत नव्हता. मी उचलायला गेले तर म्हणाला, दोनच पाय लावून बघत होतो.

मी त्याला मांडीवर घेऊन तिथंच बसले. हर्षद शिफ्टवरून आला तेव्हाही तशीच बसले होते. त्यानं वॉकर आणून आमच्याजवळ ठेवला.

बाग वाचली. फेरमोजणीत ती 'उच्चवापर' निघाली, जिल्ह्यातल्या पहिल्या काही जागांत. समितीच्या ग्रुपवर फटाके, फुलं, हात जोडलेली चित्रं यांचा पूर आला. सगळ्यांनी मिळून मिसळ खाल्ली, सरांना शाल दिली. पेढे आमच्याकडेही आले.

मी ओजसला घेऊन बागेत गेले. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. उताराच्या अर्ध्यावरूनच तो परत फिरला. शेवाळे आजोबांचा बाक रिकामा होता. ते आले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मी घरी जाऊन भेटले तर खिडकीशी खुर्चीत बसले होते, काठी दाराआड. त्यांची सून म्हणाली, आठवडाभर बसवलं आणि पाय बसलेच. आता उठा म्हटलं तर उद्या म्हणतात.

"आमची गाडी डेपोत लागली," आजोबा म्हणाले. मग ओजसच्या चालण्याची चौकशी केली. मी बरं आहे म्हणून सांगितलं.

बागेतल्या त्या उतारावर आता धावण्याच्या सरावासाठी सिमेंटच्या पायऱ्या होणार आहेत. उच्चवापर जागांना मंडळाकडून सुधारणा मिळतात. पाठपुरावा बच्छाव सरच करताहेत, आनंदानं.

नवी रेघ कुठून जाणार हे त्याच सुमारास जाहीर झालं. मी नकाशा मोबाईलवर मोठा करून पाहिला, कारण मी सगळंच मोठं करून बघते. रस्ता कुठून तरी जाणारच होता. बागेजवळ आली की रेघ थोडी वाकत होती, कॉलनीच्या मागच्या बाजूला सरकत होती आणि जिथं सगळ्यात कमी माणसं सापडली त्या मैदानातून आरपार निघत होती. मैदानाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: मानवी वावर नगण्य, जनावरांचा वावर लक्षणीय.

ती ओजसची शाळा आहे. अशाच मुलांची. साठेक मुलं, कुणी कुबड्यांवर, कुणी वॉकरवर, कुणी चाकाच्या खुर्चीत, काही रांगणारी. मधल्या सुट्टीत सगळी त्या मैदानात सोडतात. यंत्रानं ऐकलं असेल आणि त्याला वाटलं असेल, गुरांचा गोठा.

शाळेलाही फेरमोजणीचा आठवडा मिळाला. आम्हा पालकांची बैठक झाली. आमची मुलं शहरभरातून येतात, रिक्षानं, बसनं; आईबाप सोडून कामावर पळतात. फार कुणी आलं नाही. काय करायचं हे फक्त मला माहीत होतं आणि ते सांगायला माझी जीभ वळत नव्हती. शेवटी सांगितलं. मुलांना आठवडाभर घरी ठेवायचं, आणि चालणारी माणसं आणायची. एक बाप, बॉडी बिल्डरसारखा दिसणारा, हमसून रडला. मग म्हणाला, ठीक आहे.

चालणारी माणसं माझ्या ओळखीची होती. मी समितीच्या ग्रुपवर लिहिलं. जास्त काही नाही, एवढंच की एक आठवडा, सकाळी थोडा वेळ, शाळेच्या मैदानात या. सगळ्यांनी वाचलं. कुणीतरी हात जोडले. मग दुसऱ्या कुणीतरी जोडले. नंतर योगवर्गाच्या वेळेचा निरोप आला आणि माझा निरोप वर सरकत दिसेनासा झाला.

बच्छाव सर जिन्यात भेटले. टाळत होते असं मी म्हणणार नाही, पण भेटल्यावर त्यांचा हात नेहमीसारखा फिरला नाही.

"माझं मन मला खातं बघ," ते म्हणाले. "पण लोक विचारतात, तिथं गर्दी दाखवली तर रेघ जाणार कुठं? परत आपल्याकडेच येणार ना?"

हेच हर्षदनंही विचारलं होतं, वेगळ्या शब्दांत. शाळा हवी का बाग? मी म्हटलं, दोन्ही त्याच्याच आहेत. तो म्हणाला, "रस्त्याला तेच हवंय ऋजुता. तुझं एक घेऊन तुझंच दुसरं द्यायचं." मग शिफ्टची बस गाठायला गेला. जाताना ओजसच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, रविवारी सुट्टी आहे, रविवारी मी चालीन.

मोजणीच्या पहिल्या सकाळी मी शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. ओजसला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून बरोबर आणावं लागलं. त्याला फाटकाबाहेर वॉचमनच्या स्टुलावर बसवलं, वॉकर शेजारी, आणि आत यायचं नाही म्हणून बजावलं. मैदान रिकामं होतं. मातीवर आदल्या दिवशीच्या खुणा तशाच होत्या, रबरी टोकांचे छोटे गोल गोल ठसे आणि त्यांच्यामधून ओढलेल्या पायांच्या रेघा. कुणी येतंय का म्हणून मी रस्त्याकडे बघत राहिले. बैठकीत रडलेला तो बाप आला, त्यानं झपझप फेऱ्या मारल्या आणि घड्याळ बघत कामावर गेला. दोन आया आल्या, त्याही गेल्या. कॉलनीकडून कुणी आलं नाही. पाटाच्या बागेतून हास्यक्लबच्या टाळ्या इथपर्यंत ऐकू येत होत्या.

मग मी चालायला लागले. एकटीच. टाचा आपटत, एका ठेक्यात, ती भरतीची पोरं चालायची तशी. मला माहीत होतं, कितीही फेऱ्या मारल्या तरी यंत्राच्या लेखी मी एकच. मीच तर हर्षदला समजावून सांगितलं होतं, लबाडीला वाव नाही. तरी चालत राहिले. थांबले असते तर तेवढाही एक ठिपका उरला नसता.

प्रत्येक फेरीला फाटकापाशी ओजस दिसायचा. आधी तो स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होता. नंतर वॉकर धरून उभा राहिला. त्याचे पाय थरथरत होते. बागेतल्या त्या आठवड्यापासून तो आपणहून उभा राहिला नव्हता.

"आई, तू एकटीच आहेस," तो म्हणाला. "मी येऊ?"

मी थांबले. त्याला नको म्हणायचं होतं. निळे इतके थोडे होते की तो एकटा आत आला तरी शेरा पडू शकत होता, जी थोडीफार निळी पावलं सकाळपासून जमली होती त्यांची किंमत निम्मी होणार होती. आणि नको म्हटलं, तरी काय वाचणार होतं? मी रस्त्याकडे एकदा पाहिलं. कुणी नव्हतं.

"ये," मी म्हटलं. "पुढे सरक. पुढे जागा आहे."

त्यानं वॉकर फाटकाच्या आत टेकवला. मग एक पाय ओढला. मग दुसरा. मी माझा ठेका सोडून दिला आणि त्याच्या बरोबरीनं चालायला लागले, त्याच्याइतकं हळू. उन्हं वर येत होती. आमच्या पायांखाली, हातभर खोल, काचेची ती तार प्रकाशाचे ठोके वाहून नेत ऐकत होती, आणि त्या सकाळी तिला एवढंच कळलं असेल की मैदानात एक बाई आहे आणि तिच्या बरोबर एक जनावर.

किंवा मीही तेव्हा नीट चालत नव्हते. तर मग, दोन.